मनूचं नाव घालायला गेले तेव्हा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच कुणी हसलं की मी गप्प होते, आणि मी गप्प झाले की काय काय होतं, त्याचाच तर हा किस्सा आहे!

मी मुळातच कमी बोलणारी. मला बघायला आले तेव्हा अर्ध्या तासात माझ्या तोंडून दोन वाक्यं निघाली, आणि त्यातलं एक 'साखर किती घालू?' हे होतं. निघताना सासूबाई माझ्या मम्मीला म्हणाल्या, "पोरगी गरीब हाय. आमाला अशीच पायजे हुती." झालं! ज्या गुणावर पास झाले, त्याच गुणानं पुढे माझी वाट लावली.

मे महिन्यात लग्न झालं. भिंगारच्या कॅम्पातल्या क्वार्टरमधून मी थेट घोडेगावच्या अलीकडच्या एका वस्तीवर आले. चारी बाजूंनी ऊस, मधे आठ-दहा घरं, त्यातली निम्मी आमची ख्रिस्ती मंडळींची. एक छोटं चर्च, आणि चर्चच्या समोर अंगणवाडी. आमचे 'हे' साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. घरात दिवसभर मी आणि सासूबाई, म्हणजे आई.

आता वस्तीवर नव्या सुनेकडे लोक कसे बघतात, तुम्हाला माहीत आहेच. तोंडाकडे कुणी बघतच नाही हो! दर रविवारी उपासना सुटली की चर्चच्या पायरीवर बायका माझ्या पदराच्या खाली नजर टाकून विचारायच्या, "काय गं, हाय का काही?" मी मान हलवायची. माझी मान हलवायची पद्धत अशी आहे की 'हो' आणि 'नाही' दोन्ही सारखंच दिसतं, असं आमच्या ह्यांचं म्हणणं.

दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला आणि आमच्या पडीक रानात ऊसतोड्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या. बीडकडची माणसं. बांबू आणि ताडपत्रीच्या त्या झोपड्या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच दिसायच्या.

सकाळी त्या खिडकीतून मोठी गंमत दिसे. आधी शेजारचा पिंटू निघायचा. वय साडेतीन, गळ्यात टाय, पाठीवर त्याच्याहून मोठं दप्तर. पिवळी व्हॅन यायची आणि तो इंग्लिश मीडियमच्या नर्सरीला रडत रडत जायचा. त्यानंतर वस्तीवरची बाकीची पोरं ताटली वाजवत अंगणवाडीकडे पळायची. आणि त्याच्याही आधी, अंधुक असतानाच, कोप्यांमधली मनू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोयत्यांच्या शेजारी बसून उसाच्या फडात गेलेली असायची. चार वर्षांची. तिची आई शेवंता ऊस तोडायची आणि मनू बांधावर बसून राहायची.

एकदा फडात चहा द्यायला गेले होते. ट्रॅक्टर मागे येत होता. ड्रायव्हरचं लक्ष बाजूला, आणि चाकाच्या मागे पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या ढिगाऱ्यात मनू झोपलेली. शेवंतानं कोयता टाकला आणि अशी किंकाळी फोडली की ट्रॅक्टर जागच्या जागी बंद पडला. पोरगी मात्र डोळे चोळत उठली आणि म्हणाली, "आये, भाकर."

शेवंतानं तिला उचलून कडेवर घेतलं. मला म्हणाली, "बाई, हितल्या बालवाडीत आमचं लेकरू घेत्याल का वो? आमाला कोन दारात उभं करतंय! तुमी शिकलेल्या, तुमी इचारा की."

आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, न विचारता मोठं वाक्य बोलले. "मी उद्याच विचारते. मनूला तयार ठेवा."

बघा, इथपर्यंत सगळं किती छान चाललं होतं!

दुसऱ्या दिवशी मी अंगणवाडीत गेले. कुणाचीतरी शिफारस करायची म्हणजे कागद लागणार, म्हणून स्वतःचं आधार कार्ड घेतलं. चांगली साडी नेसले. रस्ताभर वाक्य पाठ केलं, 'ताई, कोप्यांवरची एक मुलगी आहे, तिचं नाव घालायचंय.' सोपं वाक्य. दहावीला कविता पाठ केल्या होत्या, हे काय अवघड?

दारात पोचले आणि नेमकी आत खिचडीला फोडणी पडली. मिरचीचा असा ठसका लागला की मी पदर नाकाला लावला, डोळ्यांत पाणी आलं आणि चौकटीला धरून उभी राहिले.

आता तुम्हीच सांगा. लग्नाला सात महिने झालेली सून, अंगणवाडीच्या दारात, पदर नाकाला, डोळ्यांत पाणी, चौकटीला धरलेलं, आणि हातात आधार कार्ड! अंगणवाडीच्या मंगलताईंनी दुसरं काय समजायचं?

"अगं बया!" ताई हातातलं काम टाकून धावत आल्या. "उभी नको राहू. बस, बस. पाणी पी."

"ताई, मी..."

"बोलू नको. मला सगळं कळलं. वीस वर्षं झाली मला हे काम करताना. घरी सांगितलंस?"

मनूबद्दल घरी काही सांगितलं नव्हतं. मी मान हलवली.

"असू दे, असू दे. मी आहे ना. आन ते कार्ड."

माझ्या हातातलं कार्ड त्यांनी काढून घेतलं आणि मोबाइलमध्ये भराभर बोटं चालवली. मला वाटलं, किती हुशार बाई! न सांगता ओळखलं. मग म्हणाल्या, "चल, काट्यावर उभी राहा."

मी उभी राहिले. हसू नका! सरकारी काम आहे, शिफारस करणाऱ्याचं वजन किती आहे तेही बघत असतील, असं मला वाटलं.

मग ताईंनी टेप काढली आणि माझ्या दंडाला गुंडाळली. तेव्हा मात्र मला थोडी शंका आली. आणि मग त्यांनी तोंड कानाशी आणून विचारलं, "शेवटची पाळी कधी आली हुती?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कान तापले. मी तोंड उघडलं. 'नाही हो ताई' एवढे तीनच शब्द म्हणायचे होते. पण त्याच वेळी पाठीमागून आवाज आला, "मंगल, कोन गं ही? आपल्या मार्थाबाईची सून का?"

दारात वस्तीवरच्या दोन आज्या. नातवंडं घेऊन आलेल्या. दोघींचे चेहरे असे उजळले, जणू बाळ त्यांनाच होणार आहे.

"व्हय की," ताई म्हणाल्या. "लाजतीय बिचारी. दोन महिने धरते गं मी. पुढच्या आठवड्यात नर्सबाई येत्यात, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन टाकू."

माझं उघडलेलं तोंड मिटलं. तुम्ही म्हणाल, मिटलं कशाला? अहो, दोन आज्या टाळ्या वाजवत असताना 'मला काही नाहीये' असं म्हणायला फार मोठी छाती लागते. माझ्या हातात पोषण आहाराची पाकिटं आली. ती मी घेतली. घेतली हो! आणि वर 'थँक्यू' म्हणाले.

ती पाकिटं मी वाटेत शेवंताच्या कोपीत देऊन टाकली. मनू दारात बसली होती. तेल लावून वेणी घातलेली, कपाळाला टिकली, धुतलेला फ्रॉक. "बाई, बालवाडीचं काय झालं?" शेवंतानं विचारलं. तिनं त्या दिवशी खाडा केला होता, म्हणजे कामावर गेलीच नव्हती.

"उद्या," मी म्हणाले आणि सटकले.

घरी पोचले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. आई ओट्यावर उभ्या. डोळे भरलेले. मी म्हटलं, चला, इथंच सांगून टाकू. "आई, ऐका ना..."

"पोरी, आधी डोकं दे हितं." त्यांनी माझ्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

आमच्या घरातली रीत अशी की प्रार्थना चालू असताना मधे बोलायचं नाही. कुकरची शिट्टी झाली तरी उठायचं नाही. आणि आमच्या आईंची प्रार्थना म्हणजे तिच्यात मावशीच्या गुडघ्यापासून परदेशातल्या मिशनऱ्यांपर्यंत सगळे येतात. मी डोळे मिटून उभी. शेवटी त्या माझ्यापाशी आल्या. "प्रभू, माझ्या सुनेच्या पोटी जे लेकरू तू दिलंस, त्याला राख." आणि थांबल्या.

कशासाठी थांबल्या? माझ्या 'आमेन'साठी!

मी लहानपणापासून रविवारच्या शाळेत वाढलेली. प्रार्थना संपली की 'आमेन' माझ्या तोंडून आपोआप निघतं. निघालं. आमेन म्हणजे 'तसंच असो'. अंगणवाडीत नुसती नोंद झाली होती, आता मी खाली सही केली!

संध्याकाळी ह्यांचा फोन. "अगं, मला कारखान्याच्या गेटवर एका ट्रॅक्टरवाल्यानं पेढा मागितला! काय भानगड आहे?"

मी सगळं सांगितलं. ते इतके हसले की लॅबमधले लोक गोळा झाले असावेत. मग म्हणाले, "आईला सांगून टाक."

"तुम्ही सांगा. तुमची आई आहे."

"वा! पोटात तुझ्या आहे."

"पोटात काही नाहीये!"

"तेच तर तिला सांग ना."

रात्री हे घरी आले तेव्हा आईंनी ट्रंकेतली लोकर काढून टोपीचे पहिले टाके घातले होते. पिवळी लोकर. मुलगा होवो की मुलगी, चालेल अशी. ह्यांनी टोपी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि हात धुवायला निघून गेले, ते चांगली दहा मिनिटं हातच धूत होते. एकाच घरात दोन भित्रे!

बुधवार गेला, गुरुवार गेला. आई मला वाकू देईनात. हंडा उचलू देईनात. शेजारणीनं कैरीचं लोणचं आणून दिलं, आणि खोटं कशाला बोलू, मी ते आवडीनं खाल्लं. ते बघून शेजारीण आईंना म्हणाली, "बगा, लक्षणं सारी बराबर हायत." रोज टोपी बोटभर वाढत होती.

आणि रोज सकाळी खिडकीतून मनू दिसायची. वेणी घातलेली, टिकली लावलेली. माझ्या खिडकीकडे बघत ट्रॉलीत चढायची. मी 'उद्या' म्हटलं होतं ना! शेवंता तिला रोज बालवाडीसाठी तयार करायची, वाट बघायची आणि शेवटी फडात घेऊन जायची. मला सगळे जपत होते. नसलेल्या बाळासाठी लोकर निघाली होती, इंजेक्शन ठरलं होतं, पाकिटं आली होती. आणि असलेलं लेकरू पाचटात झोपायला चाललं होतं. आणि तेही कशामुळे, तर मला तीन शब्द बोलता येत नव्हते म्हणून.

रविवारी आम्ही चर्चला निघालो. ऊसतोड्यांना रविवार नसतो. त्या दिवशी उशिरा निघालेली ट्रॉली शेजारून गेली. मनू वरून ओरडली, "काकू, आज हाय का बालवाडी?"

आईंनी विचारलं, "ही कुनाची गं?" मी मान हलवली. कशी हलवली, देवाला माहीत.

उपासनेत घोषणा सुरू झाल्या. पाळकसाहेब चष्मा सावरत म्हणाले, "प्रभूनं मार्थाबाईंच्या घरी मोठा आनंद दिला आहे. सूनबाईंनी पुढे येऊन साक्ष द्यावी."

आता साक्ष म्हणजे काय, तर मंडळीसमोर उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. आणि खरं सांगायचं! वेदीसमोर, माइकवर. ह्यांनी बाकाखाली काहीतरी पडल्यासारखं केलं आणि खाली वाकले ते वर आलेच नाहीत.

मी गेले. माइक कुईं करून ओरडला.

"सर्वांना सलाम," मी म्हणाले.

"सलाम!" मंडळी.

"मला... नाहीये."

"बोला, बोला. घाबरू नका," पाळकसाहेब कौतुकानं म्हणाले.

"मला दिवस गेलेले नाहीत!"

माइकची ही एक वाईट खोड. आपण हळू बोललेलं मोठं करतो, आणि मी तर ओरडलेच होते. वाक्य चर्चच्या भिंतींवर आपटून परत माझ्याकडे आलं. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. तेवढ्यात मागच्या बाकावरचे यशवंतमामा, जे नेहमी उपदेशात डुलकी काढतात, ते दचकून उठले आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "हालेलुया!"

मग मात्र माझं बूच उडालं. सात महिन्यांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. फोडणी, काटा, आज्या, लोणचं, सगळं सांगितलं. ट्रॅक्टरचं चाक सांगितलं. "मी मनूचं नाव घालायला गेले होते आणि स्वतःचं घालून आले," असं म्हणाले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, पण चाकाचं ऐकून गप्प झाल्या. आई मात्र खाली बघत होत्या. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

घरी जाताना त्या वीस पावलं पुढे. घरी आल्यावर टोपी सुयांसकट ट्रंकेत ठेवली, झाकण लावलं, आणि माझ्याकडे वळल्या.

"चारचौघांत एवढं बोलाया येतं व्हय तुला? मग मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही प्रार्थना करत होता," मी म्हणाले.

त्या बघतच राहिल्या. "म्हंजी चूक देवाची?"

"नाही. पण प्रार्थना लांब होती."

बाहेर ह्यांना ठसका लागला. आईंचे ओठ आवळलेले, मग ते थरथरायला लागले, आणि त्या अशा हसल्या की ओट्यावर बसूनच घेतलं. हसता हसता डोळे पुसले. ते किती हसण्याचं पाणी होतं आणि किती दुसरं, ते मी विचारलं नाही. मग उठल्या. "त्या पोरीची आय कवा घरी असती? उद्या जाऊ. आन तू बोलू नगंस. मी बोलते."

सोमवारी आमची वरात अंगणवाडीत. पुढे आई, मागे शेवंता, तिच्या कडेवर वेणी घातलेली मनू, आणि सगळ्यात मागे मी.

"मंगल," आई दारातूनच म्हणाल्या, "तू माझ्या सुनेला वजनकाट्यावर चढवून तिचं पोट लिवलंस, आता ह्या लेकराचं नाव लिव."

मला वाटलं, आता वाद होणार. कागद मागतील, गाव विचारतील. मंगलताईंनी कपाळाला हात लावला. "अगं पोरी, एवढंच हुतं तर तोंड उघडायचं की! कोप्यांवरची लेकरं बसवायची असत्यातच. मीच नावं घ्यायला गेल्ते, तर सारी फडात. आईचं कार्ड आना, बास."

ऐकलंत? एवढंच! सहा दिवस, एक टोपी, एक चर्च, आणि काम होतं पाच मिनिटांचं!

मनू आत गेली ती मागे वळून बघेचना. ताईंनी मणी मोजायला दिले. तिनं वीसपर्यंत धडाधड मोजले. फडात उसाच्या मोळ्या मोजून मोजून आलं होतं तिला. पिंटूच्या नर्सरीत अजून 'टेन'वरच गाडी अडलीय. शेवंता दारात उभी राहून ऐकत होती. मग दाराशी ठेवलेला कोयता उचलला आणि म्हणाली, "येते बाई. आज हात मोकळे हायत." आणि जवळजवळ पळत गेली.

इथं किस्सा संपायला हरकत नव्हती. पण माझं नाव? ते मोबाइलमध्ये होतंच की!

"काढायचं तर कारण द्यावं लागतंय," मंगलताई म्हणाल्या. मोबाइलमध्ये पर्याय दिलेले. पहिला, बाळंत झाली. तो शक्य नव्हता. दुसरा वाचून आईंनी "प्रभू राखो!" म्हणत मोबाइलच पालथा घातला. उरला शेवटचा, 'स्थलांतर'. 'चुकून लिहिलं' असा पर्याय तिथं नव्हता. ताईंनी बोट टेकवलं. अशा रीतीनं सरकारी नोंदीप्रमाणे बीडची मनू आमच्या वस्तीवर राहते, आणि मी, इथली सून, गाव सोडून गेले आहे.

दोन दिवसांनी फोन आला. कुठल्याशा ऑफिसातून एक बाई बोलत होत्या. "तुमच्याकडच्या एक गरोदर ताई स्थलांतरित झाल्यात. कुठं गेल्या, सांगता का?"

आता मी काही पूर्वीची राहिले नव्हते. चर्चमध्ये माइकवर बोललेली बाई मी! सगळं खरं सांगायला तोंड उघडलं.

"माहेरी," मी म्हणाले.

"माहेर कुठलं?"

"भिंगार."

"कुणाकडे?"

मी मम्मीचं नाव सांगितलं. पत्ताही सांगितला. विचारलं की उत्तर द्यायचं, असं मला लहानपणापासून वळण आहे.

काल मम्मीचा फोन आला. रडत होती. "अगं, इथल्या अंगणवाडीच्या ताई वजनकाटा घेऊन दारात उभ्या! म्हणे तुमची मुलगी कुठंय? पोटच्या पोरीची गोड बातमी मला सरकारकडून कळावी? एवढं काय गं परकं केलंस? मी नाचणीचे लाडू करायला घेतलेत, चांगले साजूक तुपातले. शनिवारी घेऊन येते. ऐकतेस ना? बोल की!"

मी तिला सगळं खरं खरं सांगणार आहे. अगदी शनिवारीच सांगणार आहे.

लाडू संपले की.